बारीक दात्यांचा आग्रह आणि ओला ओंडका

बँडसॉला कोणतं पातं लावावं, असं विचारलं की कातकाम करणारे बहुतेकजण सांगतात: दाते बारीक घ्या, काप स्वच्छ येतो, लाकूड उसळत नाही. प्लायवूड किंवा सुकी पातळ फळी कापायची असेल तर सल्ला बरोबर आहे. ओल्या ओंडक्याला मात्र तो साफ चुकीचा आहे.

करवतीचा दाता लाकूड कापतो, तसा कापलेला भुसा वाहूनही नेतो. दोन दात्यांमधली खाच ही त्याची टोपली. ६ इंच जाडीच्या आंब्याच्या ओंडक्यात शिरलेली खाच खालून बाहेर पडेपर्यंत रिकामी होत नाही. इंचाला १० दाते असतील तर एका वेळी ६० दाते लाकडात असतात, आणि प्रत्येकाची टोपली चिमूटभर. ओला भुसा सुटाही राहत नाही, कणकेसारखा थापला जातो. अर्ध्या वाटेतच खाच भरते आणि पुढे दाता नुसता घासत राहतो. पातं तापतं, कारागीर ओंडका रेटतो, रेटलेलं पातं बाजूला पळतं. काप पोटासारखा फुगतो तो यामुळे. दोष मात्र यंत्राला लागतो. इंचाला ३ दाते घ्या: त्याच ओंडक्यात १८ दाते, आणि खाचा मोठ्या. कापावर ओरखडे उठतात, हे खरं. पण तो पृष्ठभाग लेथवर उडणारच असतो, मग त्याच्या गुळगुळीतपणासाठी पातं का जाळायचं?

रुंदीचंही तसंच. रुंद पातं सरळ चालतं, पण वाडग्यासाठी गोल ठोकळा काढताना तीच रुंदी आड येते. अर्ध्या इंचाचं पातं साधारण अडीच इंच त्रिज्येत वळतं. पाऊण इंचाच्या पात्याला साडेपाच लागतात.

राहिला उसळण्याचा आक्षेप, आणि तो गंभीर आहे, कारण इथे बोटं जातात. मोठा दाता लाकूड अधिक ओढतो, हे मला मान्य आहे. पण आडवा कापताना ओंडका फिरतो तो गोल असतो म्हणून. पातं त्याची कड खाली दाबतं आणि त्या कडेखाली टेबल नसतं, पोकळी असते. तिथे बारीक दातेही त्याला फिरवतात. ओंडका इंग्रजी व्हीसारखी खाच असलेल्या पाळण्यात बसवा, लहान असेल तर फळीला स्क्रूने जखडा, आणि पात्याचा वरचा गाइड लाकडाच्या जेमतेम वर आणून ठेवा. मग ३ दात्यांचं पातंही शांतपणे उतरतं.