साल १९१००

आपण 'बेचाळीसची चळवळ' म्हणतो, 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतो. शतक कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही. जुन्या प्रोग्रॅमरांनी हेच केलं. पंच कार्डावर जागा ८० अक्षरांची, मेमरी महाग. मग १९६५ मधले पहिले दोन अंक कशाला साठवायचे? ९९ नंतर ०० आलं की यंत्र त्याला १९०० समजेल, हे जाणकारांना ठाऊक होतं, पण काम पुढे ढकललं गेलं. वर या घोळाचं नावही काटकसरीचंच: वायटूके. ज्या सवयीनं खड्डा पडला तिनंच बारसं केलं, असं आम्ही म्हणायचो.

१९९९ मध्ये मी मुंबईत एका परदेशी विमा कंपनीचे कोबोल प्रोग्रॅम तपासत होतो. तारखा शोधायच्या आणि दोन अंकांचे चार करायचे. बाहेर चर्चा प्रलयाची होती: विमानं कोसळणार, क्षेपणास्त्रं सुटणार. अमेरिकेत लोक डबाबंद अन्न आणि जनरेटर घरात भरत होते. गावाहून आईचा फोन आला, "वीज जाणार म्हणतात." मी म्हटलं, "ती रोजच जाते." मग तिनं हळूच विचारलं, "पेन्शन काढून ठेवू का रे?" मागून बाबा ओरडले, "आपली संवत्सरं दर साठ वर्षांनी पहिल्यापासून सुरू होतात, कुणाचं काय बिघडलं?" त्यांच्या पंचांगात शके १९२१ चालू होतं.

३१ डिसेंबरला आपल्या दुपारी साडेचारलाच न्यूझीलंडमध्ये २००० साल लागलं. दिवे चालूच राहिले. पडझड झाली ती किरकोळ. अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेच्या, म्हणजे त्या देशाला अचूक वेळ सांगणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर साल उमटलं १९१००. न्यूयॉर्क राज्यातल्या एका व्हिडिओच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नावे शंभर वर्षांच्या उशिराचं बिल निघालं: ९१,२५० डॉलर.

"एवढा गाजावाजा आणि झालं काय? काही नाही!" बाबा हसले. पुढे जगही तेच म्हणालं. फारसा खर्च न केलेले देशही तरले, हे खरंच होतं.

पण दुरुस्तीआधी चाचणीत मी ०० घालून पाहिलं होतं. १९३१ मध्ये जन्मलेल्या एका बाईंचं वय उणे ३१ निघालं आणि त्यांचं पेन्शन थांबलं. आई त्याच सालची. दुरुस्तीनंतर वय ६९ आलं. त्या बाईंना यातलं काहीच कळलं नाही.