बॅटरी सांभाळायची कोणी?

विजेची मोटार व्यवहार्य आहे का, या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट धरून चालतात, की ही गाडी नवी आहे. १९००च्या अमेरिकी जनगणनेतील मोटार-उत्पादनाचे आकडे काढून पाहावेत. एकूण गाड्या ४,१९२. त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६. पेट्रोल तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर होते.

मग वीस वर्षांत पारडे फिरले कसे? ठरलेले उत्तर असे की बॅटरीवर लांबचा पल्ला गाठता येत नव्हता, टेक्सासात तेल लागले, फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली आणि १९१२ मध्ये कॅडिलॅकला चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर बसल्यावर हँडल मारण्याची कटकट संपली. (तो स्टार्टर चालत होता बॅटरीवरच, हे सहसा कोणी सांगत नाही!) यात खोटे काही नाही, पण माझे समाधान होत नाही. शहरातल्या टॅक्सीला किंवा मालगाडीला लांब जायचेच नव्हते. तिथे वीज का हरली?

१८९७ मध्ये न्यूयॉर्कात विजेच्या टॅक्सी भाड्याने फिरू लागल्या. तळावर उतरलेली बॅटरी यंत्राने बाहेर काढून भरलेली आत सरकवत. टप्प्यावर घोडे बदलावेत तसा प्रकार. पुढे इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनीने हा धंदा घेतला आणि बड्या भांडवलाच्या जोरावर इतर शहरांतही भराभर पसरवला. बॅटरीची निगा राखणारी माणसे मात्र त्या वेगाने तयार झाली नाहीत. शिशाच्या प्लेटांना दगडी रस्त्यांचे हादरे सोसत नाहीत, पाणी वेळच्या वेळी घालावे लागते, चार्जिंग कमी-जास्त झाले तर त्या लवकर निकामी होतात. एकेका शहरातला धंदा गुंडाळला गेला आणि १९०७ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. याच कंपनीने १८९९ मध्ये सेल्डनचे पेटंट घेतले होते आणि त्याच्या बळावर ती पेट्रोलगाड्या बनवणाऱ्यांकडून पैसे वसूल करीत होती.

याउलट उदाहरण कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचे. माझ्या मते या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलके तेच. तिथल्या वीज कंपनीने १९१०च्या दशकात मालट्रकांसाठी योजना चालवली. ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचा. बॅटरी कंपनीची, तीच ती भरणार आणि बदलून देणार. मालकाने दरमहा ठरावीक आकार द्यायचा आणि वर जितके मैल गाडी चालेल तितके पैसे. ही सोय १९२४ पर्यंत चालली आणि तिच्यावर ट्रक साठ लाख मैलांहून अधिक धावले. बॅटरी त्याच जमान्यातली होती. फरक एवढाच, की तिची जोखीम वापरणाऱ्याच्या डोक्यावर नव्हती. उलट घरगुती गाडी घेणाऱ्याला बॅटरी स्वतःच सांभाळावी लागे. शिवाय १९१२च्या सुमारास विजेची लहान गाडी १,७५० डॉलरला, तर पेट्रोलची ६५० डॉलरला मिळे. १९१४ मध्ये खुद्द हेन्री फोर्डच्या पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवीत, पण त्यांची गोष्ट वेगळी.

आज पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पार्किंगमधल्या चार्जिंगवरून खडाजंगी होते. तिथे गाडी एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते हे क्वचितच कोणी विचारते. वायर कोणाच्या मीटरवरून ओढायची आणि काही जळले तर भरून कोणी द्यायचे, यावरच सभा संपते.