५० हजार खोल्यांचं स्वप्न आणि बीडीडी चाळी

परवा हिंगोलीला घरी गेलो, तर आमच्या शेजारच्या प्लॉटवर तीन मजले चढलेले. बाबांचा एकच प्रश्न, "एवढ्या घरांना पाणी कुठून येणार?" त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि मला मुंबईच्या बीडीडी चाळी आठवल्या, कारण हे भांडण शंभर वर्षं जुनं आहे.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या सरकारनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. बीडीडी म्हणजे तेच. गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, आणि पैशासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर. हिंगोली तेव्हा कापसाची मोठी पेठ. आपल्या गाठींवरही तो बसला असेल, काय सांगावं!

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे ५० हजारांपैकी साधारण १६ हजारच झाल्या. आणि गंमत बघा, लोक फुटपाथवर झोपत होते त्या शहरात यातल्या कित्येक खोल्या सुरुवातीला रिकाम्या होत्या! भाडं परवडेना, वरळीहून गिरण्या लांब, खिडकीच्या जागी काँक्रीटच्या पट्ट्या, त्यामुळे आत अंधार. कामगाराला विचारलंय कुणी?

पुढे भाडी उतरली, चाळी भरल्या, इतक्या की एका खोलीत आठ-दहा माणसं. मग पॅसेजमध्येच झोपायचं, अभ्यास करायचा, भांडायचंही. सामायिक संडासाची रांग होतीच, उगाच गोड करून सांगत नाही.

२०१७ मध्ये पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर, फुकट. तरी नायगावच्या रहिवाशांनी पात्रतेच्या सर्वेक्षणालाच विरोध केला. बाहेरच्यांना वाटलं, हाव सुटलीय. मला तसं वाटत नाही. करार आधी हातात द्या, एवढंच ते मागत होते. संक्रमण शिबिरातून परत कधी येणार? टॉवरचा मेंटेनन्स कोण भरणार? १६० फुटांत आयुष्य काढलेल्या माणसानं हे विचारायचं नाही, तर कुणी?

१४ ऑगस्ट २०२५ला वरळीच्या ५५६ कुटुंबांना ४० मजली टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बाबांना हे सांगितलं. ते खूश झाले, मग थोडं थांबून म्हणाले, "पण लाइट गेली की चाळिसाव्या मजल्यावर पाणी कोण चढवणार रे?"