१९६८ च्या केंटकी डर्बीचा निकाल : साधनांचा विचार

अमेरिकेंतील केंटकी डर्बी ही अश्वशर्यत लुइव्हिल येथील चर्चिल डाउन्स मैदानावर १८७५ पासून होत आली आहे. तिच्या विजेत्यांच्या यादींत १९६८ सालापुढें 'फॉरवर्ड पास' हें नांव आढळतें. परंतु त्या वर्षीं ४ मे रोजीं अंतिम रेषा प्रथम ओलांडली ती 'डान्सर्स इमेज' या करड्या घोड्यानें. अधिकृत यादी व प्रत्यक्ष शर्यत यांत हा विरोध कां पडला, व त्या प्रकरणांत नेमकें काय सिद्ध झालें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

'डान्सर्स इमेज' याचे पायांचे घोटे दुखरे होते. त्याचे मालक पीटर फुलर. शर्यतीपूर्वीं सुमारें सहा दिवस अश्ववैद्यानें त्यास फेनिलब्युटाझोन दिलें होतें. हें औषध १९४९ च्या सुमारास संधिवातावर मनुष्यांसाठीं प्रचारांत आलें. त्यानें घोड्याचा वेग वाढत नाहीं; सूज व वेदना कमी होतात. शालिहोत्राच्या पोथ्या चाळणाऱ्या वाचकांस हें सांगणें नको कीं, मुक्या जनावराचा लंगडेपणा हीच त्याची तक्रार होय. ती तक्रार औषधानें दाबली म्हणजे दुखरा पाय पूर्ण भार घेऊन धांवतो, हाड मोडण्याचा संभव वाढतो, आणि त्यांत स्वाराचाही जीव जाऊं शकतो. उपचार म्हणून हें औषध निषिद्ध नव्हतें. शर्यतीचे वेळीं मात्र शरीरांत त्याचा अंश असूं नये, असा केंटकींतील तत्कालीन नियम होता.

शर्यतीनंतर घेतलेल्या मूत्राच्या परीक्षेंत हा अंश आढळल्याचें जाहीर झालें. पंचांनीं पहिलें बक्षीस, १,२२,६०० डॉलर, 'फॉरवर्ड पास' यास देवविलें. पैजेचे पैसे मात्र आधींच वांटले गेले होते, ते तसेच राहिले. फुलर न्यायालयांत गेले. १९७० च्या डिसेंबरांत खालच्या न्यायाधीशांनीं पुरावा अपुरा ठरवून त्यांच्या बाजूनें निकाल दिला. १९७२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो फिरवून शर्यत-मंडळाचा निर्णय कायम केला.

येथें तीन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. औषधाचा अंश होता काय? तो कोणी व केव्हां दिलेल्या मात्रेचा? आणि त्यामुळेंच घोडा जिंकला काय? मंडळाचा निर्णय पहिल्या प्रश्नावर उभा आहे. सहा दिवसांपूर्वींचें औषध इतके दिवस टिकूं नये, असा त्या वेळचा समज होता. तेव्हां दुसरी मात्रा कोणी तरी दिली असावी, असा तर्क निघाला. फुलर यांनीं एका शर्यतीचें बक्षीस मार्टिन लूथर किंग यांच्या विधवेस दिलें होतें. त्या रागानें कोणी घात केला असावा, असा त्यांचा संशय होता. परंतु तो हात कोणाचा, हें कोणत्याही चौकशींत सिद्ध झालें नाहीं. सबब संशयास संशयच म्हणावें.

पुढें १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील अनेक राज्यांनीं याच औषधास मर्यादित मोकळीक दिली. राज्यागणिक नियम निराळे झाले. २०२१ च्या डर्बींतील पहिला घोडा 'मेदिना स्पिरिट' हा बीटामेथाझोन या सूजनाशक औषधाच्या अंशामुळें २०२२ च्या फेब्रुवारींत बाद ठरला. तेंही उपचारांत चालणारें, परंतु शर्यतीच्या दिवशीं वर्ज्य असें औषध होतें. २०२० सालीं संघराज्याचा कायदा झाला व त्याखालील औषधविषयक नियम २०२३ च्या मेपासून लागू होऊं लागले.

यावरून निष्कर्ष असा : १९६८ च्या यादींतील नांव नियमाच्या अंमलाची साक्ष देतें, कोणाच्या अपराधाची नव्हे. नियमाचा हेतु मात्र योग्यच होता. कारण ज्याची वेदना दाबली जाते, त्यास स्वतः दाद मागतां येत नाहीं.