हिरव्या डोंगरातला दुष्काळ

दुष्काळ म्हटलं की आपल्याला माणदेश आठवतो, मराठवाडा आठवतो. भेगाळलेली जमीन, उघडेबोडके माळ. साग-बांबूच्या दाट जंगलातही माणसं उपाशी मरतात, हे चटकन पटत नाही. म्हणून आज मेळघाटाविषयी, आणि तेही १८९९ सालच्या मेळघाटाविषयी बोलणार आहे.

मेळघाट म्हणजे सातपुड्याचा गाविलगडाकडचा पट्टा. खाली अचलपूर, वर चिखलदरा. खालच्या वऱ्हाडात वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, चिखलदऱ्याला जवळपास दुप्पट. पण हे वैभव चार महिन्यांचं. खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर आणि उतार असा, की पडलेलं पाणी थांबत नाही. सिपना, खापरा, गडगा, डोलार या नद्या श्रावणात दुथडी वाहत तापीकडे धावतात आणि होळीनंतर त्यांच्या पात्रात नुसते दगड उरतात. डोंगराला किती पाऊस झाला यापेक्षा तो किती दिवस टिकला, हे इथे महत्त्वाचं.

मान्सून हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला. अर्थ, ठरलेला हंगाम. हा हंगाम लांबला की आमच्याकडे ईदगाहवर इस्तिस्काची नमाज होते आणि शेजारच्या आळीतून धोंडी निघते. आभाळापुढे सगळे सारखेच!

१८९९ साली मात्र आभाळाने कुणाचंच ऐकलं नाही. १८७७, १८९९, १९१८, १९७२ : नोंदी आहेत तेव्हापासून इतके वाईट पावसाळे मोजकेच. विक्रम संवत १९५६ होतं, म्हणून गुजरात-राजस्थानात आजही ‘छप्पनिया’ म्हणतात. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, १८९६ ला, पाऊस अर्ध्यावर थांबला होता. घरातली साठवण तेव्हाच संपत आली होती.

१८९१ आणि १९०१ च्या जनगणना शेजारी ठेवून पाहा. सगळ्या वऱ्हाडाची लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर आली. म्हणजे शंभरात पाच माणसं कमी. मेळघाटात मात्र पाचात एक कमी झाला. सगळेच मेले असं नाही, काही घाट उतरून गेले असतील. तरी जिथे पाऊस जास्त, तिथेच माणूस जास्त का घटला?

माझ्या मते याचं उत्तर आभाळात नाही, जंगलात आहे. कोरकू पूर्वी दहिया पद्धतीची शेती करत. झाडझाडोरा तोडून जाळायचा, राखेत कोदो-कुटकी टाकायची, दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची. जेम्स फॉर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१ साली छापलेल्या पुस्तकात हिचं वर्णन केलं आहे, अर्थात जंगलाची नासाडी म्हणून. पण कुटकी लवकर हाती येते आणि कोदो वर्षानुवर्षं टिकतो. शिवाय मोहाची फुलं, चारोळी, टेंभरं, कंदमुळं. शेत बुडालं तरी रान होतं. हे डोंगराचं दुसरं कोठार.

१८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता. कागदोपत्री मुलूख निजामाचा. रेल्वे आली तसा सागाला भाव आला, जंगल राखीव होऊ लागलं, दहियावर बंधनं आली. कोरकूंनी एका जागी नांगर धरावा असा आग्रह सुरू झाला. म्हणजे खडकाळ उतारावर तो पावसाच्या भरवशावर बसला आणि कोठाराला कुलूप लागलं. १८९९ चा पाऊस नेमका अशा माणसावर कोसळला नाही.

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. दुष्काळात राखीव जंगलं चराईला आणि रानमेव्याला मोफत खुली करायची पद्धत होती. दुष्काळी कामंही निघत. पण ती मुख्यतः खडी फोडायची, घरापासून दूर, छावणीत राहून. डोंगरातली माणसं छावणीला भ्यायची. तिथे गर्दी, आणि १९०० साली पटकीही होती. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर काम आणि शिजलेलं अन्न त्यांच्या पाड्याजवळ न्यावं लागतं, हे सरकारदरबारी समजायला बरेच जीव गेले.

पुढे १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. १९९० च्या दशकात इथल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. आजही उन्हाळ्यात इथल्या कित्येक गावांना टँकरची वाट पाहावी लागते, तीही चिखलदऱ्याचं धुकं पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या जातात त्याच रस्त्यांवर.

२००६ मध्ये वनहक्क कायदा आला. त्याखाली गावाला आपल्या शिवारातल्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर या कोरकू गावाने तो मिळवला. एकेकाळी उजाड पडलेल्या टेकडीवर गावकऱ्यांनी झाडं लावली, चराई बंद केली. आता तिथली सीताफळं गाव स्वतः विकतं.