आफ्रिकेचा चित्रपट-ठेवा आणि त्याचे उमेदवार

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख आणि दप्तरातले रुमाल येतात. आफ्रिकेतील जी राष्ट्रे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र झाली, त्यांच्या इतिहासाचे एक मोठे साधन मात्र चित्रपटाच्या पट्टीवर उतरलेले आहे. ते राखावयाचे कोणी, आणि राखणाराच्या पोटाचे काय, एवढाच प्रश्न आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. विषय दूरच्या खंडाचा आहे खरा. परंतु रुमाल शाबूत आहेत आणि मोडी वाचणारा नाही, ही अवस्था ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना तो परका वाटू नये.

त्या लोकांच्या हाती कॅमेरा सुखासुखी आलेला नाही. 1934 च्या एका हुकमान्वये फ्रेंच वसाहतींत चित्रण करावयाचे तर सरकारी परवानगी लागे. दाहोमेत जन्मलेला आणि पॅरिसच्या चित्रपट-विद्यालयात शिकलेला पोलँ सुमानू व्हिएरा याने 1955 साली सहकाऱ्यांसह जो लघुपट काढला, तो पॅरिसमध्ये राहणाऱ्या आफ्रिकी लोकांवर काढला. मायभूमीत कॅमेरा लावण्याची मोकळीकच नव्हती.

पोर्तुगीजांच्या ताब्यातील गिनी-बिसाऊची हकीकत याहून बोलकी आहे. तेथील लढ्याचा पुढारी आमिलकार काब्राल हा पेशाने शेतकीतज्ज्ञ. लढाई ऐन भरात असता, 1967 साली, त्याने चार तरुणांना, त्यांत एक मुलगीही होती, चित्रपटविद्या शिकण्यास क्यूबाला धाडले. बंदुकीला माणूस अपुरा पडत असता कॅमेऱ्यासाठी चार माणसे मोकळी करणारा हा सेनानी आम्हांस मोठा दूरदृष्टीचा वाटतो. 1972 च्या सुमारास ती मंडळी परतली. 1973 च्या जानेवारीत काब्रालचा खून झाला. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि तिचे चित्रण याच शिष्यांनी केले. सना ना न्हादा आणि फ्लोरा गोमेश ही त्यांतली दोन नावे पुढे जगाला ठाऊक झाली.

चित्रण करणारे तयार झाले. चित्रण राखणारे मात्र कोणी तयार केले नाहीत. ॲसिटेटच्या पट्टीचा स्वभाव असा की उष्ण, दमट हवेत ती आतून कुजू लागते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, पट्टी आखडते, वळते आणि शेजारच्या डब्यालाही आपली बाधा देते. त्यात 1998-99 चे यादवी युद्ध आले आणि संग्रहाची आणखी नासधूस झाली. उरलेली रिळे अखेर बर्लिनला नेऊन 2012 साली त्यांच्या संगणकीय प्रती करण्यात आल्या. पुष्कळसे चित्रण अपुरे, जुळणी न झालेले. 2014 साली हे चित्रण फिरत्या चित्रगृहाने त्याच देशात लोकांना दाखविले गेले, तेव्हा पडद्याशेजारी बसून ते घेणाऱ्यांनीच तोंडी निवेदन केले. हे दृश्य आमच्या मनातून जात नाही. हा चेहरा कोणाचा, हे गाव कोणते, हे सांगणारी माणसे साठी ओलांडलेली होती. त्यांच्याजवळ बसून ते लिहून घेणारा तरुण कोठे आहे?

इतरत्रही हेच. उगादुगू येथे 1969 पासून आफ्रिकी चित्रपटांचा उत्सव भरतो, आणि 1989 साली तेथे सर्व आफ्रिकेसाठी चित्रपट-संग्रहालय स्थापन झाले. 1 सप्टेंबर 2009 च्या अतिवृष्टीत त्यातही पाणी शिरले. 2017 साली आफ्रिकी चित्रपटकर्त्यांचा संघ, युनेस्को आणि एक अमेरिकन प्रतिष्ठान यांनी मिळून पन्नास चित्रपटांच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. त्यातले कसबाचे काम बोलोन्यात होते. बर्लिन-बोलोन्याच्या कारागिरांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ते नसते तर यातले पुष्कळसे आज नुसती आंबूस भुकटी झाले असते. पण दुखणे घरी आणि वैद्य परगावी, असे किती दिवस चालावे?

नायजेरियातील जोस शहरी याला उत्तर शोधण्याची खटपट चालली आहे. आदामु हलिलू यांचा 1976 सालचा 'शैहू उमर' हा चित्रपट नाहीसा झाला असे लोक धरून चालले होते. 2016 साली तो तेथल्याच सरकारी संग्रहात सापडला. म्हणजे हरवला होता तो चित्रपट नव्हे, त्याची यादी! पुढे 2019 च्या सुमारास तेथील विद्यापीठात फ्रँकफुर्टच्या सहकार्याने चित्रपट-जतनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला.

तथापि पदवीने हात तयार होत नाही. रीळ उलगडावे कसे, किती आखडले ते मोजावे कसे, सुटलेला जोड सांधावा कसा, नोंद कशी लिहावी, हे जुन्या माणसाच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे उमेदवारी केल्यावाचून येत नाही. ही उमेदवारी बिनपगारी ठेवली तर खाऊनपिऊन सुखी घरचा मुलगाच तीत टिकेल. कॅमेरा धरता येणारा गरिबाचा मुलगा लग्नाची चित्रणे करून पोट भरील, आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. रिळांसाठी थंड खोल्या बांधण्यास देणगीदार मिळतात, कारण खोलीवर पाटी लावता येते. विद्यावेतनावर पाटी लावता येत नाही. म्हणून संग्रहालयाच्या अंदाजपत्रकात यंत्राच्या आधी उमेदवाराचे वेतन लिहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. काब्रालने पाठविलेल्या चौघांचे शिक्षण क्यूबाने केले होते. ते शिकत असता त्यांना भाकरीच्या शोधात फिरावे लागले नाही.