रक्ताचा हिशेब

इसवी सन १८९२ च्या जून महिन्याच्या ७ व्या तारखेस अमेरिकेंतील न्यू ऑर्लिअन्स शहरीं होमर प्लेसी नांवाच्या एका जोडे शिवणाऱ्या कारागिरानें पहिल्या वर्गाचें तिकीट काढलें आणि तो गोऱ्यांच्या डब्यांत जाऊन बसला. लुइझिआना संस्थानाच्या १८९० च्या कायद्यानें गोऱ्यांचे व 'रंगीत' लोकांचे डबे निरनिराळे केले होते, व कोणीं कोठें बसावयाचें हें ठरविण्याचा अधिकार गाडीवरील कंडक्टरला दिला होता. प्लेसीच्या रक्ताचे आठ हिस्से कल्पिले तर सात युरोपीय व एक आफ्रिकी. त्याच्या तोंडाकडे पाहून तो गोरा नव्हे असें ओळखणें सोपें नव्हतें. यामुळें तो कायदा न्यायासनापुढें नेऊं पाहणाऱ्या नागरिकमंडळास सारी तजवीज अगोदर करून ठेवावी लागली. रेल्वे कंपनीस आगाऊ वर्दी दिली (जादा डब्यांचा खर्च तिलाहि नकोच होता), आणि अटक करण्यासाठीं खासगी गुप्त पोलीस मंडळानेंच पैसे देऊन ठेविला. जो अपराध अपराध्यानें स्वतः पटवून दिल्यावांचून ओळखूं येत नाहीं, तो कशाच्या जोरावर उभा होता?

याच कायद्यांतील एक अपवाद आम्हांस इतर सर्व कलमांहून अधिक बोलका वाटतो. दुसऱ्या वंशाच्या मुलास सांभाळणाऱ्या दाईस हा निर्बंध लागू नव्हता. कडेवर गोरें मूल असेपर्यंत काळ्या बाईनें गोऱ्यांचा डबा बाटत नसे. मूल खालीं ठेवलें कीं बाटे. ज्यांच्या घरांत सोंवळेंओंवळें पाळलें गेलें आहे त्या आमच्या वाचकांस हें कोडें फोड करून सांगावयास नको.

१८ मे १८९६ रोजीं वरिष्ठ न्यायालयानें सात विरुद्ध एक मतानें प्लेसीविरुद्ध निकाल दिला. डबे वेगळे असले तरी सोयी समान असल्या म्हणजे झालें, हें त्या निकालाचें सूत्र सर्वांस ठाऊक आहे. १९५४ सालीं शाळांच्या खटल्यांत तें मोडलें. आम्हांस त्यांतील एका कमी प्रसिद्ध मुद्द्याकडे लक्ष वेधावयाचें आहे. प्लेसीचे वकील अल्बिअन टूर्जे यांनीं असा युक्तिवाद केला कीं, गोरा म्हणून असलेला लौकिक ही मालमत्ता आहे, व ती चौकशीवांचून हिरावण्याचा हक्क कंडक्टरला नाहीं. न्यायालयानें उत्तर दिलें तें असें : मनुष्य गोरा असेल तर त्यानें कंपनीवर नुकसानीची फिर्याद करावी, रंगीत असेल तर जो लौकिक त्याचा नव्हताच तो गेल्यानें त्याचें कांहीं गेलें नाहीं. मग गोरा कोण? तें ज्या त्या संस्थानानें आपल्या कायद्यानें ठरवावें!

संस्थानांनीं तें कसें ठरविलें हें पाहण्यास व्हर्जिनियाचा दाखला पुरे. इंग्लिश रिवाजाप्रमाणें मूल बापाच्या दर्जाचें. पण १६६२ सालीं व्हर्जिनियानें तें आईच्या स्थितीप्रमाणें दास वा स्वतंत्र ठरविलें. मळेवाल्यास दासीपासून झालेलें मूल त्यामुळें त्याचा वारस न होतां त्याच्या मिळकतींतील एक नग झालें. ज्याची गाय त्याचें वासरूं, हा न्याय. १७८५ च्या कायद्यानें चतुर्थांश आफ्रिकी रक्त ही सीमा धरिली, १९१० त ती षोडशांशावर आली, आणि १९२४ त लेशमात्रहि पुरें झालें. आजे-पणजे कबरींत स्वस्थ पडलेले असतां त्यांचा वंशज विधिमंडळाच्या एका ठरावानें गोऱ्याचा काळा झाला. मात्र तेथेंहि एक अडचण निघाली. व्हर्जिनियांतील बडीं घराणीं पोकाहाँटस ही इंडियन राजकन्या व १६१४ त तिच्याशीं लग्न केलेला जॉन रॉल्फ यांच्यापासून आपली वंशावळ अभिमानानें सांगत. त्यांच्यासाठीं षोडशांशापर्यंतचें इंडियन रक्त माफ करण्यांत आलें. थोरांच्या घरचा संकर इतिहास ठरला, गरिबांच्या घरचा गुन्हा. जन्ममृत्यूंच्या नोंदींचे अधिकारी डॉक्टर वॉल्टर प्लेकर हे तर १९४६ पर्यंत इंडियन कुटुंबांच्या नोंदी 'रंगीत' म्हणून फिरवीत राहिले. पुढें तेथील जमातींस मध्यवर्ती सरकारची मान्यता मागतांना हाच घोटाळा आडवा आला. सहा जमातींना ती मिळावयास २०१८ साल उजाडलें.

आम्ही हें उपहासानें लिहीत नाहीं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत अनुलोम-प्रतिलोम संबंधांपासून झालेल्या जातींची जी मांडणी आहे ती वाचलेल्यास हंसण्याचा अधिकार थोडा. आपल्याकडे निरनिराळ्या मिश्रणांस निरनिराळीं नांवें दिलीं. अमेरिकनांनींहि १८९० च्या खानेसुमारींत चतुर्थांशी, अष्टमांशी असे भेद करून पाहिले, पण १९०० त ते सोडले, आणि १९३० त थेंबभर आफ्रिकी रक्ताचा मनुष्यहि 'नीग्रो' लिहावा असें गणकांस फर्माविलें. त्याच काळांत, १९२० ते १९४० च्या तीन खानेसुमारींत, हिंदुस्थानांतून गेलेला मनुष्य शीख असो कीं मुसलमान, त्याच्यासाठीं वंशाचें नांव होतें 'हिंदु'! एकाहून अधिक वंश सांगण्याची मुभा २००० सालीं प्रथम मिळाली.

व्हर्जिनियाचा मिश्रविवाहबंदीचा कायदा वरिष्ठ न्यायालयानें १२ जून १९६७ रोजीं रद्द केला. प्लेसीनें १८९७ च्या जानेवारींत अपराध कबूल करून २५ डॉलर दंड भरला, व १९२५ त तो वारला. लुइझिआनाच्या गव्हर्नरांनीं त्याच्या माफीवर सही केली ती ५ जानेवारी २०२२ रोजीं.